प्रश्न उद्भवत नाही

'उद्भविसुवुदिल्ल.' आठवीतल्या पोराने हा शब्द तीनदा अडखळत वाचला आणि मान वर करून आमच्याकडे पाहिले. आम्ही पाच-सहा जण शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाकडचे गाव, जुलै महिना. आत वर्गात दोन बादल्या आणि एक पातेले मांडलेले. कौलांतून पडणाऱ्या थेंबांचा तिघांचा सूर वेगवेगळा. पोराच्या हातात कुणाच्या तरी मोबाईलवर आलेला कागद होता. विधानसभेत विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर. ते कन्नडमध्ये, आणि शाळा सुधारणा समितीवर बसलेल्या आम्हा मंडळींपैकी कुणालाही सरकारी कन्नड धड वाचता येत नाही. म्हणून पोराला धरून आणले होते.

कागदाला दोन रकाने. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. (अ) तालुक्यातल्या प्राथमिक शाळांच्या खोल्या नादुरुस्त असल्याचे सरकारच्या लक्षात आले आहे काय? उत्तर एकाच शब्दाचे : 'बंदिदे.' आले आहे. (आ) आले असल्यास दुरुस्ती कधी होणार? उत्तर : अनुदानाच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही केली जाईल. (इ) होणार नसल्यास त्याची कारणे काय? 'उद्भविसुवुदिल्ल.' म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

आमच्यातले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे गळतंय हे त्यांना ठाऊक हाय. मग आम्ही सांगायला कशाला जात होतो इतकी वर्षं?"

हा नमुना काही कर्नाटकाने शोधलेला नाही. पलीकडे चंदगडच्या पाहुण्यांना विचारा. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही 'हे खरे आहे काय?' याला 'अंशतः खरे आहे' आणि शेवटच्या पोटप्रश्नाला 'प्रश्न उद्भवत नाही' असेच छापून येते. १९५६ पासून ज्या सीमेसाठी आपण भांडतो आहोत, ती सीमा ओलांडायला या एका वाक्याला कधी परवाना लागला नाही.

तरीही त्या कागदाबद्दल मला रागापेक्षा कुतूहल जास्त वाटले. कारण तो कागद निघाला त्याच्या आधी काहीतरी घडले होते. आमच्या शाळेत तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला होता. खोल्या किती, त्यातल्या बिनकामाच्या किती, शेवटची दुरुस्ती कोणत्या साली, सगळे आजच्या आज कळवा. गुरुजींनी दोन वर्षे दिलेली निवेदने कुठे गेली हे कुणी सांगत नव्हते, आणि त्या दिवशी मात्र तेच ऑफिस तासातासाने फोन करत होते. सरकारी कचेऱ्यांत त्याला 'एलएक्यू आलाय' म्हणतात, म्हणजे विधानसभेतला प्रश्न आलाय. आमदाराचा प्रश्न विधानसभेच्या सचिवालयातून खात्याकडे जातो, खात्यातून आयुक्तांकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि शेवटी ज्या टेबलावर आपली फाईल निजलेली असते त्या टेबलावर येऊन पडतो. निवेदनाला पोच मिळते. मोर्चाला बंदोबस्त मिळतो. प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते, मग ते 'उद्भवत नाही' असले तरी. आणि ते देण्यासाठी कुणाला तरी खोल्या मोजाव्या लागतात.

आता मुद्द्यावर येतो. सीमाभागातल्या मराठी माणसासाठी असे प्रश्न आज कोण विचारतो?

२०१३ साली, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते, बेळगाव दक्षिणमधून आणि खानापुरातून. २०१८ ला एकही नाही. २०२३ ला एकही नाही. का पडले, कुणी कुणाची मते खाल्ली, गटबाजी कुणी केली, हा विषय चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे चालला आहे, तो इथे नको. मला वेगळीच गोष्ट खटकते. जेव्हा आपले आमदार होते तेव्हा त्यांनी सभागृहात किती प्रश्न विचारले, त्यातले तारांकित, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते असे, किती, मंत्र्यांनी काय उत्तर दिले, हे आपण त्यांना कधी विचारले? मी तरी नाही विचारले. आम्ही त्यांना एवढेच विचारत आलो की सीमालढ्यावरची निष्ठा पक्की आहे ना. ती असायलाच हवी. पण मत देताना निष्ठा पाहायची आणि मत दिल्यावर कामाचा हिशेब मागायचाच नाही, ही सवय आपण स्वतःला लावून घेतली, आणि राष्ट्रीय पक्षांच्या उमेदवारांनी नेमका तिचा फायदा उचलला.

२००६ पासून कर्नाटक सरकार बेळगावात अधिवेशन भरवते आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौध उभे राहिले, राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झाले. बेळगाव आमचेच, हे दाखवण्यासाठीच ही इमारत बांधली, हे सांगायला कुणी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नको. वर्षातले दहा-बारा दिवस तिथे दिवे लागतात. बाकीचे साडेअकरा महिने काय चालते त्याचे उत्तम चित्र २०२२ साली सगळ्यांनी पाहिले : तिथे काम करणाऱ्या एका कंत्राटी बाईने सौधासमोरच्या फरशीवर शेवया आणि पापड वाळत घातले होते. फोटो फिरला, बाईला कामावरून काढले, मग ओरड झाल्यावर परत घेतले. मला विचाराल तर त्या वास्तूचा इतका थेट सार्वजनिक उपयोग तेवढ्या वर्षांत दुसरा कुणी केला नव्हता.

तर डिसेंबरात हे सौध उघडते. दोनशे चोवीस आमदार, पंचाहत्तर विधान परिषदेचे सदस्य, सगळे मंत्री, सगळ्या खात्यांचे सचिव आपल्या शिवारात येऊन बसतात. आणि पहिल्या दिवशी आपण काय करतो? महामेळावा, म्हणजे अधिवेशनाच्या निषेधाची समितीची सभा. परवानगी नाकारली जाते, जमावबंदी लागते, पहाटे कार्यकर्त्यांना ताब्यात घेतात, महाराष्ट्रातून येणाऱ्या पुढाऱ्यांना कोगनोळीच्या नाक्यावर अडवतात, संध्याकाळी सगळ्यांना सोडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुढचे नऊ दिवस सौधात प्रश्नोत्तरे चाललेली असतात आणि आपण घरी.

महामेळावा घेऊ नका, असे मी म्हणत नाही. सभा घ्यायला बंदी घालणारे सरकार चूकच करते, आणि त्या बंदीविरुद्ध उभे राहणाऱ्या पोरांबद्दल मला आदर आहे. पण दहा दिवसांतला एक दिवस आपला आणि नऊ दिवस दुसऱ्यांचे, ही वाटणी कुणी ठरवली? आपणच.

यावर ठरलेला आक्षेप मला पाठ आहे. 'कर्नाटकाच्या मंत्र्याकडे रस्ता मागितला म्हणजे कर्नाटक मान्य केले.' माझ्या थोरल्या चुलत्यांचे हे वाक्य. ते गेले तेव्हा त्यांच्या उशाशी रेशनकार्ड होते, त्यावर कर्नाटक सरकारचा शिक्का. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो घटनेच्या कलम १३१ खाली, राज्य विरुद्ध राज्य असा. त्या दाव्यात ८६५ गावांचा प्रश्न आहे. आमच्या शाळेची कौले बदलली म्हणून त्या दाव्यातले एक पानही हलणार नाही. उलट साठ-सत्तर वर्षे इथल्या मराठी शाळांचे, नोंदींचे, रस्त्यांचे काय झाले याची सरकारी कागदावरची कबुली हवी असेल, तर ती मंत्र्यांच्या लेखी उत्तरांतच मिळते. 'बंदिदे' हा एक शब्द दहा निवेदनांपेक्षा वजनदार पुरावा आहे, कारण तो सरकारने स्वतः लिहून दिला आहे. शिवाय समितीने विधानसभेच्या निवडणुका लढवल्या, जिंकल्या, तिथे शपथ घेतली. शपथ घेतल्यावर प्रश्न विचारण्याने काय बिघडते हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.

आणि न विचारल्याने काय होते हेही आपण पाहिले आहे. हिंडलग्याचे उदाहरण घ्या. गावातल्या रस्त्यांची आणि गटारांची कामे झाली, सुमारे चार कोटींची, आणि ठेकेदाराच्या म्हणण्याप्रमाणे वर्क ऑर्डर हातात नसताना झाली. बिल निघेना. त्याने टक्केवारीचा आरोप केला, एप्रिल २०२२ मध्ये त्याने आत्महत्या केली, आणि ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे पोलिसांनी मंत्र्यांविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला. खरे-खोटे त्या अहवालावर सोडू. पण ते रस्ते काही गुप्त नव्हते. शेकडो माणसे रोज त्यावरून चालत होती. हे काम कोणत्या मंजुरीने चालले आहे, पैसे कोणत्या खात्यातून येणार आहेत, हा एका ओळीचा प्रश्न काम चालू असताना कुणी विचारला असता तर? सगळा गदारोळ माणूस गेल्यावर झाला.

शहरातही तेच. बेळगावचे नाव स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले ते जानेवारी २०१६ मध्ये. त्यानंतर फुटपाथ उखडले, पुन्हा बसवले, पुन्हा उखडले. शहापूरकडून जुन्या पी. बी. रोडला जोडणारा रस्ता तर भूसंपादन न करताच केला गेला, आणि भरपाईवरून उच्च न्यायालयाने महापालिकेला धारेवर धरले. बळ्ळारी नाल्याचे तर विचारूच नका. दर पावसाळ्यात शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी शिरते, भाताची रोपे कुजतात, शेतकरी जलपर्णी काढण्यासाठी निवेदन देतात, साहेब बांधावर उभे राहून फोटो काढतात. नाल्याच्या कामासाठी किती पैसे आले, किती खर्च झाले, गाळ किती मीटर काढला, याचे सभागृहात दिलेले उत्तर कुणी मला दाखवले तर मी त्याला बासमतीची पिशवी भेट देईन. बेळगाव बासमतीची, उरली असेल तर.

पुतळ्याच्या बाबतीत मात्र सगळे जागे असतात. राजहंसगडावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचे मार्च २०२३ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने दोनदा लोकार्पण झाले. एकदा भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी केले, एकदा काँग्रेसने. नंतर समितीने जाऊन दुग्धाभिषेक केला. निवडणूक तोंडावर होती. एका पुतळ्याच्या दोन सोहळ्यांवर सरकारी पैसा किती गेला, हे तिघांपैकी कुणी विचारले नाही. महाराज स्वतः देठाचाही हिशेब ठेवणारे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका, हे त्यांचे म्हणणे भाषणात सगळे वापरतात.

पैशाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिथे होते. 'अनुदानाच्या उपलब्धतेनुसार' हे वाक्य ऐकले की आपल्याला वाटते सरकारकडे पैसे नाहीत. कर्नाटकाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ४ लाख ९ हजार कोटींच्या वर होता. त्यातले सुमारे ५१ हजार कोटी पाच गॅरंटी योजनांना. पैसे नाहीत असे नाही, पैसे कुठे द्यायचे हे ठरलेले असते. म्हणून 'दुरुस्ती कधी करणार?' हा प्रश्न मंत्र्याला सोपा जातो. 'करू' म्हटले की तो सुटला. त्याऐवजी असे विचारावे : या तालुक्यातल्या शाळांच्या दुरुस्तीसाठी गेल्या तीन वर्षांत तरतूद किती होती, मंजूर किती झाले, प्रत्यक्ष सोडले किती आणि खर्च किती झाले? तरतूद, मंजूर, सोडले, खर्च. हे चार शब्द ऐकायला एकसारखे, पण दोघादोघांच्या मध्ये एकेक नाला आहे, आणि प्रत्येक नाल्यात काही ना काही वाहून जाते. पेपरात मथळा येतो तो पहिल्या शब्दाचा. रस्ता होतो तो चौथ्याने. मार्च उजाडला की पैसे खर्च करण्याची जी धावपळ चालते आणि पावसाच्या पहिल्या सरीत जे डांबर उखडते, ते तिसऱ्या आणि चौथ्या शब्दामधल्या घाईचे फळ आहे.

त्या पाचांतल्या गृहलक्ष्मीचे पाहा. ऑगस्ट २०२३ पासून घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला दोन हजार. आमच्या घरात हे पैसे येतात, आणि त्यांची थट्टा करणारा मी नव्हे. त्या पैशातून माझ्या वहिनीने शिलाई मशीन घेतली. पण हप्ता लांबला की ती कुणाला विचारते? अंगणवाडीच्या ताईंना. ताई म्हणतात वरून आले नाहीत. हे 'वरून' म्हणजे कुठून? महिला व बालकल्याण खात्याच्या मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणमधूनच निवडून आल्या आहेत. सार्वजनिक बांधकाम मंत्री सतीश जारकीहोळी यमकनमर्डीचे, तेच जिल्ह्याचे पालकमंत्री. बाई आणि रस्ता, दोन्ही खाती आपल्याच जिल्ह्यात. एवढे जवळचे मंत्री असूनही, किंवा असल्यामुळेच, त्यांच्या पक्षाचे आमदार त्यांना अडचणीत टाकणारा प्रश्न सहसा विचारत नाहीत. आणि विरोधी पक्षाचे आमदार विचारतात ते बंगळुरूच्या राजकारणाला सोयीचे असेल तेवढेच. उत्तर कर्नाटकावरची चर्चा शेवटच्या दोन दिवसांवर ढकलली जाते, आणि तोवर निम्मी बाके रिकामी होतात, ही तक्रार तर सौंदत्ती आणि अथणीचे कन्नड शेतकरीही करतात. त्यांच्याही शाळेला 'अनुदानद लभ्यते' हेच उत्तर मिळते. इतके दिवस आम्ही एकमेकांच्या पाट्यांवर डांबर फासत बसलो. दोघांच्या कागदावर उत्तर मात्र एकच होते.

भाषेची अडचण खरी आहे, ती मी हलकी करत नाही. उतारा कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, बसची पाटी कन्नडमध्ये. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथे महत्त्वाची परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, असे देशपातळीवर ठरून कित्येक दशके झाली. कलम ३५० प्रमाणे कोणीही आपले गाऱ्हाणे देशात किंवा त्या राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू शकतो. आणि कलम २१० म्हणते की ज्या सदस्याला राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. म्हणजे सौधात मराठीतून प्रश्न उभा राहू शकतो, घटनेने दार पुरते लावलेले नाही. पण त्या दारातून आत जायला आधी सदस्य हवा. आणि जे मराठी मतांवर निवडून आले आहेत, मग पक्ष कोणताही असो, त्यांना आपण हे सांगितले पाहिजे की जत्रेत मराठीत भाषण ठोकले तेवढे पुरे नाही. मराठी शाळांत शिक्षक किती कमी आहेत, अतिथी शिक्षकांवर किती शाळा चालल्या आहेत, परिपत्रके मराठीत का मिळत नाहीत, हे सभागृहात विचारा, आणि विचारल्याचा कागद आम्हाला दाखवा.

भीमगडच्या जंगलातली गावे तर या सगळ्याच्या पलीकडे आहेत. आमगाव, गवळी, कोंगळा, पास्तोली. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की आजारी माणसाला बांबूला बांधून चार खांद्यांवर आणावे लागते. तेव्हा ॲम्ब्युलन्स पक्क्या रस्त्याला उभी असते, आणि माणूस तिथवर पोचला तर पोचला. वनखाते म्हणते अभयारण्यात रस्ता नाही, दुसरे खाते म्हणते पुनर्वसन होणार आहे, मग खर्च कशाला. दोन्ही खात्यांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात शेजारी बसतात. पुरवणी प्रश्न म्हणतात तो अशाच जागी उपयोगी पडतो. लेखी उत्तर सचिवाने लिहिलेले असते. पण तारांकित प्रश्नावर आमदार उभा राहून 'मग पुनर्वसन होईपर्यंत बाळंतिणीने काय करायचे?' असे विचारतो, तेव्हा मंत्र्याला स्वतःच्या तोंडाने काहीतरी बोलावे लागते. आणि मंत्री 'करतो' म्हणाला की ते आश्वासन नोंदले जाते, त्याच्या पाठपुराव्याला एक समिती असते. तिचे कन्नड नाव 'सरकारी भरवसेगळ समिती'. भरवसा हा शब्द आपल्या दोघांचा सामाईक आहे, तेव्हा समजायला अडचण नाही.

आता पुन्हा व्हरांड्यात. कागद वाचून झाल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग म्हातारे म्हणाले, "लिही की रे, आपण परत विचारू." एकाने खिशातून लग्नाची पत्रिका काढली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आधी मराठीत लिहायचे ठरले. तरतूद किती, मंजूर किती, सोडले किती, खर्च किती. वाद झाला तो 'सोडले' म्हणावे की 'वितरित' म्हणावे यावर, तो अर्धा तास चालला. कुठल्या आमदाराकडे द्यायचे यावर आणखी वाद झाला, तो अजून संपलेला नाही. दोघांच्या मते विरोधकाकडे, एकाच्या मते सत्ताधारी आणि विरोधक दोघांकडेही, म्हणजे लाजेखातर तरी कुणी विचारेल. कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीहून परतल्यावर १ नोव्हेंबरच्या संध्याकाळीच देऊन यायचे, कारण प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी पोचावी लागते.

पोराला कन्नडमध्ये लिहायला बसवले. त्याने शाळेचे नाव लिहिले, गावाचे लिहिले, आणि पेन थांबवून विचारले, "गळतंय याला कन्नडमध्ये काय म्हणतात?"

आत पातेले भरले होते. ते रिकामे करायला गुरुजी उठले आणि जाता जाता म्हणाले, "सोरुत्तिदे. लिही."